दुनळी घ्यायची, पण कोणती? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी काउबॉय ॲक्शन शूटिंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं दुनळीबद्दल आहेत. ज्यांच्या हातात तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे सॅस, ही नेमबाजीच्या या खेळाची संस्था १९८७ साली स्थापन झाली आणि तिच्या नियमांप्रमाणे अमेरिकेत ठिकठिकाणचे क्लब सामने भरवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या धाटणीच्या चार बंदुका लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाची काडतुसं वापरणारी एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक. दुनळी ही तिचीच दोन नळ्यांची जात. कपडे त्या काळचे घालायचे, खेळायचं टोपणनावाने. निशाणं लोखंडाची असतात आणि निकाल घड्याळ लावतं. चुकलेल्या प्रत्येक नेमाला पाच सेकंद वाढतात.

शॉटगनमध्ये एका वेळी दोनच काडतुसं भरता येतात. बंदूक टेबलावर उघडी आणि रिकामी ठेवलेली असते. टायमर वाजल्यावर ती उचलायची, कमरेच्या पट्ट्यातून काडतुसं काढून भरायची, उडवायची, रिकाम्या पुंगळ्या झटकायच्या, पुन्हा भरायची. दुनळी निवडताना हे चक्र डोळ्यांसमोर हवं. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ त्यातच आहे.

ताई, माझी उंची ५ फूट १ इंच आहे. दुकानदार म्हणाले, बाईमाणसाला २० गेजच बरी. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, बाहेर घोडे, म्हणजे काडतूस उडवणारे हातोडे, असलेलीच घे, त्या काळातली खरी दुनळी तीच. मी आजवर फक्त मैत्रिणीची रायफल चालवली आहे. काय घेऊ? — एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

माझीही उंची तेवढीच आहे आणि मलाही तेच सांगितलं गेलं होतं, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार.

आधी गेज. आपल्याकडे ज्याला बारा बोर म्हणतात तेच हे १२ गेज. नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतो, म्हणून बारा. त्यामुळे आकडा लहान तशी नळी मोठी: १२ गेजची साधारण साडेअठरा मिलिमीटर, २० गेजची साडेपंधराच्या थोडी वर. २० गेजचा धक्का कमी असतो हे सरसकट खरं नाही. धक्का किती बसणार हे काडतुसात शिसं किती, ते किती वेगाने सुटतं आणि बंदूक किती जड आहे यावर ठरतं. १२ गेजमध्ये मुद्दाम हलकी केलेली काडतुसं मिळतात. विंचेस्टर एएचं कमी आवाज, कमी धक्का असलेलं काडतूस २६ ग्रॅम छर्रे सेकंदाला ९८० फुटांच्या वेगाने सोडतं. नेहमीच्या १ १/८ औंस, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम छर्ऱ्यांच्या १२०० फुटांच्या काडतुसाशी तुलना केली तर छर्ऱ्यांचा जोर जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. हा फरक बंदूक पहिल्यांदा उडवताच खांद्याला कळतो.

दुसरं, आपल्या सामन्यांत शॉटगनचं निशाण बहुतेक वेळा खाली पडावं लागतं. नुसता छर्ऱ्यांचा आवाज आला म्हणून चालत नाही. पाटी कडेला लागली तरी पडायला छर्ऱ्यांचा जमाव पुरेसा लागतो, आणि १२ गेजमध्ये तो जास्त मिळतो. तिसरं कारण हाताचं आहे. घाईत पट्ट्यातून दोन काडतुसं एकदम उपसताना जाड काडतूस बोटांना चांगलं सापडतं. म्हणून माझं मत: १२ गेज घ्या आणि हलकी काडतुसं वापरा. मनगट दुखरं असेल किंवा वजन पेलतच नसेल तर २० गेज घ्यायला काहीच हरकत नाही, नियमांत ते बसतं. फक्त तुम्ही बाई आहात म्हणून ते घेऊ नका.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घरात दोन्ही गेजच्या बंदुका असतील तर काडतुसं चुकूनही एका पिशवीत ठेवू नका. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, टाकलं तर ते घसरून पुढे जातं आणि नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागे १२ गेजचं काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि पुढच्या हातापाशी नळी फुटते. २० गेजची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी. आमच्या घरी पिवळ्याचा डबा वेगळ्या कपाटात आहे आणि सामन्याला जाताना तो त्या कपाटातून हलत नाही.

आता घोडे. बाहेर घोडे असलेली दुनळी देखणी असते यात वाद नाही. पण तीच खरी, हे तुमच्या यजमानांना आदराने सांगा, बरोबर नाही. अन्सन आणि डीली यांची घोडे आत असलेली रचना १८७५ सालची आहे. कोल्ट कंपनीने १८७८ साली बाहेर घोडे असलेली दुनळी काढली आणि १८८३ साली घोडे आत असलेली. म्हणजे दोन्ही त्या काळातल्याच. सॅसच्या नियमांत दोन्ही चालतात. एक चाप चालतो, दोन चालतात.

व्यवहारात फरक असा पडतो. आत घोडे असलेली बंदूक उघडताना उघडण्याच्या त्याच हालचालीत आतले घोडे चढतात, म्हणजे स्प्रिंग दाबण्याचं काम तुमच्या मनगटाकडे येतं. नवी बंदूक म्हणूनच ताठ लागते. बाहेर घोडे असलेल्या जुन्या धाटणीच्या बंदुकीत उघडताना ते काम नसतं, ती अलगद उघडते. पण मग प्रत्येक जोडीला अंगठ्याने दोन घोडे चढवायचे. चार पाट्या असल्या की चार वेळा, सहा असल्या की सहा वेळा. लहान हाताच्या माणसाला दुसऱ्या घोड्यापर्यंत अंगठा नेताना पकड सोडावी लागते. क्लासिक काउबॉय या गटात उतरायचं असेल तर मात्र बाहेरचे घोडे लागतात, नाहीतर १८८७च्या धाटणीची लिव्हर ॲक्शन शॉटगन. त्या गटाची ओढ असेल तर घोडेवाली जरूर घ्या आणि तिच्यावर मेहनत करा. पहिली बंदूक म्हणून घोडे आत असलेली बरी.

आणि आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. मी अगदी पहिल्या सामन्याला दुनळी घेऊन उभी राहिले तेव्हा समोर चार पाट्या होत्या. पहिल्या दोन पडल्या. बंदूक उघडली, झटकली. उजवी पुंगळी उडाली, डावी तिथेच. पुन्हा झटकली. मग अंगठ्याचं नख पुंगळीच्या कडेखाली घालून ओढायला गेले तर नख मुळापासून तुटलं आणि पुंगळी जागची हलली नाही. टायमर धरून शेजारी उभे असलेले गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, घाई करू नका. त्या एका पुंगळीने माझी अकरा सेकंद खाल्ली. म्हणजे दोन नेम चुकले असते तरी माझं कमी नुकसान झालं असतं.

नंतर सावलीत बसल्यावर एका वयस्कर नेमबाजांनी ती पुंगळी मागितली. त्यांनी ती उन्हात फिरवून दाखवली: धातूच्या बुडाभोवती बारीक, आडव्या ओरखड्यांचं कडं उमटलं होतं, जसं नव्या बाटलीचं झाकण फिरवल्यावर उमटतं. चेंबर आतून खरखरीत राहिलं होतं आणि प्रत्येक पुंगळीला धरून ठेवत होतं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, म्हणजे बंदूकसाजाने, चेंबर नुसतं घासून आरशासारखं केलं, मोठं केलं नाही, आणि तोंडाची धार किंचित उतरवली. पुढच्या महिन्यात त्याच बंदुकीतून दोन्ही पुंगळ्या माझ्या खांद्यावरून मागे पडल्या.

तेव्हापासून कुणी दुनळी दाखवली की मी आधी नक्षी बघत नाही. दुकानदाराची परवानगी घ्यायची, बंदूक रिकामी आहे हे दोघांनी बघायचं, मग दोन नकली काडतुसं घालायची. उघडायची, नळ्यांचं तोंड वर करून मागे एक झटका द्यायचा. दोन्ही पडली पाहिजेत. उघडल्यावर बंदूक आपोआप पूर्ण उघडी राहते का, की हळूहळू मिटू पाहते? काडतूस भरताना मागच्या भिंतीला ते अडकतं का? उघडण्याचा खटका अंगठ्याने ढकलताना मनगट वाकडं करावं लागतं का? हे चार प्रश्न तिथल्या तिथे सुटतात. मात्र नकली काडतूस फुगत नाही, त्यामुळे खरी परीक्षा रेंजवरच. क्लबमध्ये कुणाची तरी त्याच जातीची बंदूक असतेच. मागा. या खेळातले लोक स्वतःची बंदूक आणि वर स्वतःची काडतुसं हातात ठेवतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

नवी आणि परवडणारी म्हणाल तर ब्राझीलमध्ये बनणारी स्टोगर कोच गन बहुतेकांची पहिली दुनळी असते. मजबूत आहे, साधी आहे, सुटे भाग मिळतात. ती ताठ असते आणि उघडली की तिची सेफ्टी आपोआप लागते. घड्याळ चालू असताना बंद सेफ्टीवर चाप ओढत बसण्याचा प्रसंग टाळायला बरेच जण जाणकार बंदूकसाजाकडून ती आपोआप लागणं बंद करून घेतात. वापरलेल्यांमध्ये जपानी बनावटीची एसकेबी १०० आणि ब्राउनिंगची बीएसएस यांना मागणी फार आणि किमतीही तशाच. सुरुवातीला एवढे पैसे घालायची गरज नाही. साधी बंदूक घ्या आणि वाचलेल्या पैशातून ती गुळगुळीत करून घ्या.

शेवटी दस्ता. कारखान्यातून येणारे दस्ते उंच माणसाच्या मापाचे असतात. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळा उघडा. नजर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरून सरळ गेली पाहिजे. मान ताणावी लागत असेल किंवा दस्ता काखेत अडकत असेल तर तो कापून घ्या आणि बुडाला रबराची गादी लावा. माझा सव्वा इंच कापलेला आहे. कापलेला तुकडा मी जपून ठेवला आहे, कधी बंदूक दुसऱ्याकडे गेली तर त्याला उपयोगी पडेल.

शेजारच्या आजोबांच्या घरातल्या सामानाच्या विक्रीत मला एक जुनी, बाहेर घोडे असलेली दुनळी मिळाली. नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी आहे. ही घेऊन सामन्यात उतरता येईल का? — एक वाचक, कोलंबस, ओहायो

ती नक्षी वरून काढलेली नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून नळी बनवली की अशा लहरी उमटतात. तिला डमास्कस नळी म्हणतात. त्या काळी ती काळ्या दारूसाठी, म्हणजे बंदुकीच्या जुन्या, धूर करणाऱ्या दारूसाठी बनत असे. शंभर-सव्वाशे वर्षांत त्या सांध्यांच्या आत गंज कुठवर गेला आहे हे बाहेरून दिसत नाही. आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस तिच्यात घालू नका. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी घालू नका.

आणखी एक अडचण चेंबरच्या लांबीची. जुन्या बंदुकांची चेंबरं पुष्कळदा आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड असतात. काडतूस आत बसतं, बंदूक मिटतेही, म्हणून फसायला होतं. उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

जुन्या बंदुकांचा अनुभव असलेल्या बंदूकसाजाकडे नेऊन चेंबर मोजून घ्या, नळ्यांची जाडी मोजून घ्या. ती काळ्या दारूला योग्य आहे असं त्यांनी सांगितलं तर काळ्या दारूच्या काडतुसांचे गट सॅसमध्ये आहेत. नाहीतर भिंतीवर लावा. फार देखणी दिसेल, आणि मला फोटो जरूर पाठवा.

वापरलेली बंदूक घेताना काय तपासायचं? — एक वाचक, न्यू जर्सी

पुंगळ्यांचं वर सांगितलंच. त्याशिवाय, पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक मिटलेली असताना दस्ता धरून हलकेच हलवा. नळ्या आणि मागच्या भागात खडखड जाणवली तर सांधा सैल आहे. मग बंदूक उजेडाकडे धरून मिटलेल्या फटीत बघा, प्रकाश दिसता कामा नये.

नळ्या वेगळ्या करून खालच्या आकड्याला बोट अडकवून लोंबकळत ठेवा आणि नखाने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला पाहिजे. भांडं तडकलं असेल तर कसा बद्द आवाज येतो, तसा आला तर मधल्या पट्टीचं डाखकाम कुठेतरी सुटलं आहे. ही परीक्षा आपल्या आज्या मडकं घेताना करायच्या तीच आहे. नळीतून आरपार बघताना आत एखादी सावली वाकडी पडलेली दिसली तर तिथे पोचा आहे.

दुसऱ्या राज्यातून घेत असाल तर बंदूक थेट तुमच्या घरी येत नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे येते, तिथे बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या विक्रेत्याची फी किमतीत धरा. न्यू जर्सीत राज्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत, बंदूक बघायला जाण्याआधी त्यांना लागणारे कागद हातात असू द्या.

एक चाप की दोन? — एक वाचक, सॅन होजे

दोन. सहसा पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. एक बिघडला तरी दुसरा चालतो आणि आत बिघडण्यासारखं कमी असतं.

एका चापाच्या काही बंदुका पहिली नळी उडाल्याच्या धक्क्यावरच दुसऱ्या नळीकडे वळतात. हलक्या काडतुसांनी तो धक्का पुरत नाही, दुसऱ्यांदा चाप ओढला की काहीच होत नाही. माणसाला वाटतं काडतूस खराब निघालं. एक चापच हवा असेल तर तो धक्क्यावर अवलंबून नसलेल्या रचनेचा आहे का ते विचारून घ्या. विक्रेत्याला माहीत नसेल तर दोन नकली काडतुसं घालून चाप दोनदा ओढून बघा: कुठलाही धक्का न देता दुसरा खटका ऐकू आला पाहिजे.

पहिल्या काही महिन्यांत दोन बोटं दोन चापांवर ठेवू नका. दोन्ही नळ्या एकदम सुटल्या की काय होतं ते मी एका तरुण मुलाच्या गालावर पाहिलं आहे. एकच बोट, पुढून मागे.

माझ्या दुनळीला इजेक्टर आहे, उघडली की पुंगळ्या आपोआप उडतात. हा तर फायदाच ना? — एक वाचक, शिकागो परिसर

सॅसच्या सामन्यात चालत नाही. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस थोडंसं वर उचलून देणारा, चालतो. फेकणारा नाही. बंदूकसाजाकडून तो निष्क्रिय करून घ्या. ब्राउनिंग बीएसएस घेणाऱ्यांना हे बहुतेक वेळा करावंच लागतं.

सगळ्यात स्वस्त काडतुसांनी माझ्या पुंगळ्या अडकतात, थोड्या महागांनी नाही. हा भास आहे का? — एक वाचक, अटलांटा

भास नाही. घरातल्या फ्रिजवरचं लोहचुंबक काढून काडतुसाच्या सोनेरी बुडाला लावून बघा. चिकटलं तर आत पोलाद आहे आणि वर नुसता मुलामा. पितळ फुगून लगेच आक्रसतं, स्वस्त पोलादी बूड फुगलेलंच राहतं आणि चेंबरला घट्ट बसतं. प्लास्टिकचा भागही बोटाने चाचपा: काहींवर उभ्या रेषा असतात, काही गुळगुळीत असतात. गुळगुळीत सहज सुटतात. सामन्याला चांगली वापरा, सरावाला स्वस्त चालतील.

छर्रे शिशाचेच हवेत, चार नंबर किंवा त्याहून बारीक. आम्ही बहुतेक जण साडेसात किंवा आठ वापरतो. पोलादी छर्ऱ्यांना मनाई आहे, ते लोखंडी पाटीवरून उलटून येतात. चेंबरं दर सामन्यानंतर पुसा. प्लास्टिकचा पातळ थर आत साचतो आणि मग चांगली काडतुसंही अडकू लागतात.

ताई, मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्र म्हणतो सरळ दुकानात जाऊन घे. घेऊ का? — एक वाचक, डॅलस परिसर

सरळ जाऊन घेऊ नका. हे मी काळजीने लिहिते आहे, कारण चूक झाली तर प्रश्न बंदुकीपुरता राहत नाही, तुमच्या इथल्या वास्तव्याचा होतो.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला फेडरल कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई करतो. त्याला मोजके अपवाद आहेत. तुमच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो मुदतीत असला पाहिजे, म्हणजे आज परवाना आहे आणि तीन महिन्यांनी संपला तर बंदूक घरात असणं हाच प्रश्न होतो. आणि बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं असा अर्थ धरू नका, मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. फॉर्म ४४७३ वर तुमच्या स्थितीबद्दल थेट प्रश्न आहेत आणि तिथे खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे.

तेव्हा आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, मग शिकार परवान्याचा अभ्यासक्रम करा, मग दुकान. ग्रीन कार्ड असलेल्यांना फेडरल कायद्याने ही मनाई नाही, राज्याचे नियम मात्र त्यांनाही लागू. तोवर प्रेक्षक म्हणून सामन्याला या. कान आणि डोळे झाकायची साधनं आणा, निशाणाच्या पाट्या उभ्या करायला हात नेहमीच कमी पडतात.

२८ इंची नळ्यांची दुनळी स्वस्तात मिळाली आहे. करवतीने कापून वीस इंच करू? — एक वाचक, फिनिक्स

कापायचीच असेल तर बंदूकसाजाकडून, घरी नाही. शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा किंवा पूर्ण बंदूक २६ इंचांपेक्षा आखूड झाली तर ती १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते आणि नोंदणीशिवाय जवळ असणं मोठा गुन्हा ठरतो. माप बंदूक मिटलेली असताना मागच्या भिंतीपासून नळीच्या तोंडापर्यंत धरतात.

पण मुळात कापायची घाई का? पाट्या साधारण ८ ते १६ यार्डांवर असतात. तेवढ्या अंतरावर खरी अडचण होते ती तोंडाशी आवळलेल्या नळीची, तिच्यातून छर्रे मुठीएवढ्या गोळ्यात जातात आणि जरा नेम हलला की पाटी सुटते. ते आवळण बंदूकसाज आतून मोकळं करून देतो. लांब नळीचा तोल पुढे असतो, एका पाटीवरून दुसरीवर ती संथ, सरळ जाते. माझ्या क्लबातल्या दोन चांगल्या नेमबाजांच्या नळ्या २६ इंची आहेत. आखूड नळीचा फायदा वळताना आणि टेबलावरून उचलताना होतो. तिचा धोकाही त्याच वेळी असतो, कारण पुंगळ्या झटकताना तोंड बाजूला फिरायला वेळ लागत नाही. समोरच्या ठरलेल्या १७० अंशांच्या कोनाबाहेर ते गेलं की त्या फेरीतून बाद.

तुम्ही फिनिक्सचे आहात म्हणून एक सांगते. टूमस्टोनला जाऊन या. २६ ऑक्टोबर १८८१ला ओ. के. कोरलजवळच्या त्या चकमकीआधी गावचा मार्शल व्हर्जिल अर्पने त्याचा साथीदार डॉक हॉलिडेच्या हातात शॉटगन दिली होती आणि हॉलिडेने ती लांब कोटाखाली झाकून नेली होती. त्या गल्लीत उभं राहिल्यावर अंतरं किती थोडी होती ते कळतं, आणि आखूड नळीचं कारणही कळतं. आपल्याला कोटाखाली काही झाकायचं नाही.

मी डावखुरा आहे. दुनळी की विंचेस्टर १८९७ पंप शॉटगन? — एक वाचक, सिॲटल

दुनळी. १८९७ उजवीकडे पुंगळी फेकते, ती तुमच्या चेहऱ्यासमोरून जाईल. दुनळीचा खटका उजवीकडे ढकलायचा असतो, डाव्या अंगठ्याला ते उलटं पडतं. माझ्या ओळखीचे एक डावखुरे नेमबाज अंगठ्याऐवजी उजव्या हाताने नळ्या धरून डाव्या तर्जनीने खटका ओढतात आणि कुणाहून मागे नाहीत.

बंदूक घेतली. सामन्याला अजून सहा आठवडे आहेत. घरी काय सराव करू? — एक वाचक, रॅले

खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा. कमरेला पट्टा बांधा, त्यात फक्त नकली काडतुसं, जोडीजोडीने. पलंगाशेजारी उभे राहा म्हणजे पडलेलं काडतूस गादीवर पडेल. भिंतीमागे कुणी राहत नाही अशा दिशेला तोंड.

मी अशी करते: डावा हात नळ्यांखाली, बंदुकीचं वजन त्यावर. उजव्या हाताने जोडी उपसायची, अंगठा आणि दोन बोटांत काडतुसं एकमेकांना चिकटलेली राहिली पाहिजेत. ती सुटी झाली की एक चेंबरात आणि एक जमिनीवर जातं. दोन्ही एकदम तोंडाशी टेकवायची, तळव्याने आत ढकलायची, मिटायची. उघडायची, झटकायची, पुन्हा. पहिले दोन आठवडे घड्याळ लावू नका. रोज वीस जोड्या पुरेत, त्यानंतर मनगट थकतं आणि हात चुकीची सवय उचलतो.

बंदूक मिटल्यावर पाऊल उचलायचं नाही, हे याच सरावात अंगवळणी पाडा. जागेवर उभं राहून भरायचं, उडवायचं, उघडायचं, मग चालायचं. आणि दर फेरीच्या शेवटी बंदूक उघडी ठेवून दोन्ही चेंबरांत बोट घालून बघा. सामन्याच्या दिवशी तुमची बंदूक तपासणारा माणूस तेच करणार आहे.